व्हाया इंजिनिअरिंग

मुलाला मॅनेजर व्हायचंय, म्हणून तो मेकॅनिकलला गेला. हे वाक्य मराठी घरात कुणालाच खटकत नाही. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स, एम-थ्रीची केटी, वर्कशॉपमध्ये कानशीने घासलेला जॉब, आणि मग एमबीएच्या प्रवेशासाठी कॅटचा क्लास लावून मार्केटिंग! विचारलंच तर उत्तर तयार असतं : ‘बेस पक्का होतो.’ कशाचा, ते कुणी सांगत नाही.

1983 साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं आणि इंजिनिअरिंग गावोगाव पोचलं. कॅटमध्ये गणिताचा जोर, त्यामुळे आयआयएमच्या वर्गात इंजिनिअरांचीच दाटी. ती इतकी, की काही आयआयएम आता बिगर-इंजिनिअरांना निवडीत जादा गुण देतात. म्हणजे चार वर्षं घासून मिळवलेली आघाडी दारातच कापली जाते.

बरं, मग बारावीनंतर थेट व्यवस्थापनाची पदवी, बीएमएस? तिथे अठराव्या वर्षी ‘लीडरशिप’वर प्रेझेंटेशन द्यायचं. (खरं शिक्षण होतं ते कॉलेज फेस्टसाठी स्पॉन्सर गाठताना, त्याला मार्क नाहीत.) 2024 मध्ये बीबीए, बीएमएस एआयसीटीईच्या अखत्यारीत गेले, राज्याची सीईटी आली. ती टाळायला लगेच मुंबईतल्या काही कॉलेजांनी बीएमएसची पाटी उतरवून ‘बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज’ची लावली. व्यवस्थापनाचा पहिला धडा प्राचार्यांनीच गिरवून दाखवला म्हणायचा.

घरच्या ग्रुपवर फिरतात ते पिचाई आणि नडेला. दोघंही आधी इंजिनिअर, मग एमबीए. पण उदय कोटक सिडनहॅमचे बी.कॉम., पुढे जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट. इंद्रा नूयी बीएस्सी, पुढे आयआयएम कलकत्ता. हे फॉरवर्ड कुणी करत नाही.

जिथे वस्तू बनते, तिथली माणसं सांभाळायची असतील तर इंजिनिअरिंग जरूर करावं. शॉपफ्लोअरवरचा जुना फोरमन नव्या मॅनेजरला पहिल्याच आठवड्यात जोखतो, आणि मशीन न कळणाऱ्याची तिथे डाळ शिजत नाही. पण बँक, विमा, जाहिरात यांत जायचं असेल, तर अर्थशास्त्र किंवा कॉमर्स मन लावून केलेलं बरं. नावडतं इंजिनिअरिंग रडतखडत पूर्ण करणं ही तर सगळ्यात महागडी वेटिंग रूम.

कॅटला कुठल्याही शाखेची पदवी चालते, खुल्या गटाला 50 टक्के गुण पुरतात. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचे पर्याय भरण्याआधी पालकांनी एवढं एकदा वाचावं.