नाताळचे पाहुणे, होळीची वाट

परदेशातल्या शाळांना नाताळची सुट्टी लागते आणि जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात पाहुणे उतरू लागतात. न्यू जर्सी, लंडन, दुबई, सिडनी. शेतात भरिताचा बेत, उनपदेवची चक्कर, नातलगांच्या भेटी आणि अलीकडे आणखी एक गोष्ट ठरलेली: एका सकाळी बालगृह किंवा आश्रमशाळा. केक येतो, ब्लँकेटं येतात, लाल टोप्या येतात. मुलं गाणं म्हणतात, पाहुण्यांची मुलं टाळ्या वाजवतात, फोटो निघतात. दोन तासांत गाडी परत.

येणाऱ्यांच्या मनात माया असते आणि ती खरी असते. माझं भांडण मायेशी नाही, तिच्या वेळापत्रकाशी आहे.

आधी एक साधा प्रश्न. समोर रांगेत बसलेल्या या मुलांचे आईबाप कुठे आहेत?

आश्रमशाळेत हा प्रश्न विचारलात तर बऱ्याच मुलांचं उत्तर एकच येईल: उसाच्या फडात. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून, पावरा, बारेला, भिल्ल कुटुंबांतून, दिवाळी सरली की माणसं निघतात. मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल, आधीच घेतलेली असते. ती फेडायला नवराबायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, ट्रकमध्ये चढते. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जातं, कुणी दक्षिण गुजरातेत. बारडोलीकडच्या साखर कारखान्यांना आपल्या टोळ्यांची सवय अर्धशतकाहून जुनी आहे. तिकडे या ऊसतोड्यांना ‘खानदेशी’ म्हणूनच ओळखतात. तान्हं पोर आईबरोबर कोपीत राहतं. शाळेच्या वयाचं मागे उरतं, आजीपाशी नाहीतर वसतिगृहात. आईबाप परत दिसतात ते होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला, होळीला. काहींचे त्यानंतरही नाहीत.

म्हणजे डिसेंबरअखेर हा त्या मुलाच्या वर्षातला सर्वांत एकटा काळ. नेमका तेव्हा पाहुणा येतो, त्याला कडेवर घेतो, फोटो काढतो आणि फोटोखाली लिहितो, ‘अनाथ मुलांसोबत नाताळ’.

त्याची आई जिवंत आहे. ती या क्षणी ऊस तोडते आहे. तिला न विचारता तिच्या लेकराला अनाथ ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

ज्यांना खरोखर कुणीच नाही, अशीही मुलं आहेत. त्यांच्यासाठी कायदा आहे. 2015 चा बाल न्याय अधिनियम सांगतो की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आधी कुटुंब. प्रत्येक बालगृहाची नोंदणी सक्तीची. कुठलं मूल कुठे राहील, हे बालकल्याण समिती ठरवते. याच कायद्याचं 74 वं कलम अशा मुलाचं नाव, फोटो, शाळा, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला मनाई करतं. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नाताळच्या आठवड्यात व्हॉट्सॲप आणि फेसबुकवर फिरणारे फोटो या कलमासमोर धरून पाहा. स्वतःच्या मुलाचा फोटो शाळेनं परवानगीविना छापला तर तुम्ही तिकडे शाळेला पत्र लिहाल. इथल्या मुलाच्या वतीनं ते पत्र कोण लिहिणार?

आणि संस्थेच्या फाटकाचं काय? इंग्लंडात मुलांमध्ये नियमित स्वयंसेवा करायची तर गुन्ह्यांच्या नोंदींची डीबीएस तपासणी होते. ऑस्ट्रेलियात ‘वर्किंग विथ चिल्ड्रेन चेक’ लागतो. हे सगळं मुकाट्यानं करणारी माणसं इथे आली की हातात केकचा खोका पुरतो. ओळखपत्र कुणी मागत नाही, वहीत नोंद होत नाही, मुलांना परक्या माणसासोबत खोलीत सोडायचं की नाही, हे कुणी विचारत नाही. मडगावात फ्रेडी पीट्स नावाचा माणूस मुलांसाठी आश्रम चालवायचा. गावात त्याला मान होता. 1991 मध्ये त्याला अटक झाली, 1996 मध्ये लैंगिक अत्याचारांसाठी जन्मठेप झाली आणि तिथे येणाऱ्या परदेशी पाहुण्यांची नावंही त्या प्रकरणात निघाली. मुंबईत कुलाब्याच्या ‘अँकरेज’ निवाऱ्यांचा खटला दोन ब्रिटिश नागरिकांवर चालला. सत्र न्यायालयानं 2006 मध्ये दोषी ठरवलं, उच्च न्यायालयानं 2008 मध्ये सोडलं, सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये शिक्षा पुन्हा कायम केली. दोन्ही ठिकाणी दारावर सेवेची पाटी होती. शंभरातले नव्व्याण्णव पाहुणे सज्जन असतात, म्हणूनच शंभरावा आत येतो. तपासणी सज्जनांच्या अपमानासाठी नसते. ती मुलांसाठी असते आणि खऱ्या सज्जनाला तिचा राग येत नाही.

जगानं हा धडा महागात घेतला. कंबोडियात पर्यटक वाढले तशी अनाथालयं वाढली आणि युनिसेफच्या पाहणीत दिसलं की तिथल्या चारपैकी साधारण तीन मुलांचे आई किंवा बाप हयात आहेत. मूल दाखवलं की देणगी येते, हे कळल्यावर मुलं गोळा करणारे निघाले. ऑस्ट्रेलियानं 2017 च्या संसदीय चौकशीत अनाथालयांसाठी होणारी मुलांची ने-आण आधुनिक गुलामगिरीत धरली. 18 डिसेंबर 2019 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव केला. अनाथालयांतली स्वयंसेवा, विशेषतः पर्यटनातून होणारी, मुलांना अपाय करू शकते आणि तो अपाय रोखणं सरकारांचं काम आहे, असं त्यात आहे. ठरावाची तारीख नाताळच्या एक आठवडा आधीची.

मुलाच्या आत काय होतं? रुमानियात बुखारेस्टला 2000 सालापासून 136 मुलांवर दीर्घ अभ्यास झाला. ती अगदी तान्ह्या वयात संस्थेत टाकलेली मुलं होती. निम्म्यांना सांभाळणारं कुटुंब मिळवून दिलं. जी दोन वर्षांच्या आत घरात गेली, ती सावरली. जी संस्थेतच राहिली, ती बोलण्यात, समजण्यात, जीव लावण्यात मागे पडली. अन्न दोघांनाही मिळत होतं. फरक पडला तो रोज तेच एक माणूस असण्यानं. आता आपल्या पाहुण्याकडे बघा. तो येतो, मुलाला मांडीवर घेतो, ‘परत येईन’ म्हणतो आणि जातो. पुढच्या डिसेंबरात दुसरा येतो, तोही तेच म्हणतो. पाहुण्याला ती गोड आठवण असते. मूल मात्र शिकतं की जवळ येणारं माणूस जाण्यासाठीच येतं.

मग परक्यानं यायचंच नाही का? यावं. आलेले आहेत आणि त्यांनी करून दाखवलं आहे. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून तीनेकशे मुली घेऊन आल्या. 1900 च्या दुष्काळानंतर त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. त्यांच्या हाताखाली मिनी एब्रम्स ही अमेरिकन बाई आली. मराठी शिकली आणि दशकभर तिथे राबली. मुक्तीतल्या धर्मप्रसारावर टीका झाली, तो वाद स्वतंत्र आहे. मला इथे मोजायची आहे ती राहिलेली वर्षं. दुसरं उदाहरण तर आपल्याच माणसांशी जोडलेलं. यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण गुजरातेत आले. 1978 मध्ये त्यांनी बारडोलीच्या कारखान्यांसाठी राबणाऱ्या ऊसतोड मजुरांवर लिहिलं. त्यांत आपले खानदेशी होते. 1990 मध्ये त्याच फडांवर परत जाऊन पुन्हा लिहिलं आणि पुढची कित्येक वर्षं ते त्या भागात येत राहिले. ब्लँकेटं वाटली नाहीत. उचल किती, कापली किती, हातात पडलं किती, हे जगाला सांगितलं. चोपड्याच्या आश्रमशाळेतल्या मुलाचं दुःख जिथे तयार होतं, तिथे हा परका माणूस जाऊन उभा राहिला.

परदेशातल्या मराठी माणसांनीही हे केलंय. अमेरिकेतलं महाराष्ट्र फाउंडेशन 1978 पासून महाराष्ट्रातल्या संस्थांच्या पाठीशी उभं आहे, वर्षानुवर्षं, हिशेब ठेवून. रीत ठाऊक आहे. ती चोपड्यापर्यंत आणायची राहिली आहे.

आता पैशाचं बोलू. राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे, सावित्रीबाई फुल्यांच्या नावानं. अनाथ, एकल पालकांची, गंभीर आजारी पालकांची मुलं संस्थेत न जाता घरात, आजी-मामाकडे वाढावीत म्हणून 2023 पासून महिन्याला 2,250 रुपये मिळतात. वर्षाचे 27,000. अमेरिकेहून नाताळात येण्याजाण्याचं एका माणसाचं तिकीट याच्या कितीतरी पुढे जातं. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये पात्र मुलाला महिना 4,000 रुपये आहेत. हे पैसे ज्या आजीला मिळायला हवेत तिला अर्ज माहीत नसतो, मृत्यूचा दाखला नसतो, तहसीलचं उत्पन्नपत्र आणायला मजुरी बुडवावी लागते. तिच्या बरोबर कचेरीत चार खेपा घालणारा माणूस हवा आहे. त्याचा वर्षाचा पगार तुम्ही द्या. त्या एका पगारात किती पोरं बालगृहाच्या पायरीवरून घरी परततील, ते पुढच्या डिसेंबरात येऊन मोजा.

अठरा वर्षं पूर्ण झाली की काय, हाही प्रश्न आहे. लाल टोपी घातलेल्या सहा वर्षांच्या पोराभोवती गर्दी असते. अठराव्या वर्षी पिशवी घेऊन बाहेर पडणाऱ्याला निरोप द्यायलाही कुणी नसतं. अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या सांभाळाची, सोय कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत आहे, पण प्रत्यक्षात जागा अपुऱ्या. 2018 पासून राज्यात अनाथांना नोकरी-शिक्षणात एक टक्का आरक्षण आहे. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं आणि ते मिळवताना पोरं थकतात. जळगावातच दीपस्तंभ फाउंडेशनचा मनोबल प्रकल्प दिव्यांग आणि अनाथ तरुणांना ठेवून घेऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करून देतो. तिथे खोलीचं भाडं, पुस्तकं, आठवड्यातून एकदा इंग्रजीचा किंवा गणिताचा तास, असं काम परदेशात बसूनही होतं. अट एकच, वर्षभर चुकवायचं नाही.

दोष एकट्या परदेशस्थांचा नाही. अनुदान वेळेवर पोचत नाही, म्हणून संस्थाचालकाला केकवाल्या पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला बालगृहात फळवाटप करून तेच फोटो आपण गावातल्या गावात बारा महिने काढतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 2021 मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर झाली. दहा जिल्हे, 41 तालुके, 82 वसतिगृहं. त्या दहांत जळगाव आहे. आपल्या जिल्ह्यातली किती सुरू झाली, किती पोरं राहतात, अधीक्षक मुक्कामी असतो का, हे पाहुण्यांनी विचारावं आणि गावकऱ्यांनी त्यांच्या आधी विचारावं. आमदाराला विचारावं, लेखी विचारावं.

परदेशातल्या भावांनो, तायांनो, या वर्षी केक आणू नका. जळगावला जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. संस्थेची नोंदणी आहे का, विचारा. तिथल्या गृहमातेला पगार किती आणि ती किती वर्षं टिकली, विचारा. कुठल्या मुलांना घर आहे आणि कशासाठी ती इथे आहेत, विचारा. मग पाड्यावरच्या एका कुटुंबाची उचल पुढच्या पावसाळ्यात टळेल, आई गावात राहील, पोर घरून शाळेत जाईल, अशी काही सोय त्यांच्याशी बोलून उभी करा आणि निदान पाच वर्षं ती चालवायची जबाबदारी घ्या. फोटो काढू नका. मुलांना ‘परत येईन’ म्हणू नका, येणारच असाल तरी.

हे जमणार नसेल तर भरीत खा, नातलगांना भेटा आणि त्या फाटकावरून सरळ पुढे जा. त्यात काही कमीपणा नाही. मुलाला तेवढाच एक निरोप कमी.