मधलं चाक

सोनारीत तात्यांच्या गाडीला चाकं किती, यावर उघड उघड दोन पक्ष आहेत. गाव तिला तीनचाकी म्हणतं. वाकून मोजली तर चार भरतात: पुढचं एक, मागचं मूळचं एक आणि त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी चौकटीत बसवलेली दोन. तात्या स्वतः मात्र तिला दुचाकीच म्हणतात. "पुढचं माझं, मधलं माझं. बाजूची दोन डॉक्टरची," असा त्यांचा चोख हिशेब आहे.

तात्या हा एक वाण आहे. आमच्या परंडा तालुक्यात गावागणिक एक तरी सापडतो. तरुणपणी गावात पहिल्या-दुसऱ्या नंबरानं मोटारसायकल आणलेली असते आणि त्या दिवसापासून पायांचा उपयोग फक्त किक, गिअर आणि ब्रेक एवढ्यासाठीच उरलेला असतो. शेजारच्या घरी जायचं तरी गाडी. काळभैरवनाथाच्या दर्शनाला जायचं तरी गाडी थेट पायरीपर्यंत. देवळाला पायरीऐवजी उतार असता, तर तात्या गाभाऱ्यात दिसले असते. किल्ली सदऱ्याच्या खिशात, पायजम्याच्या एका पायाला साखळीच्या ग्रीसचा कायमचा डाग आणि बोलताना हात हवेत, मुठी वळलेल्या. तात्या ओट्यावर बसून बोलत असले तरी उजवी मूठ मधूनमधून पिळली जाते. मुद्दा रंगला की जास्त.

त्यांची पहिली गाडी राजदूत, १७५ सीसीची. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावं लागायचं, आणि ते प्रमाण तात्या डोळ्यांनी ठरवायचे. गाडी निघाली की मागे निळसर धूर राहायचा आणि त्यावरून तात्या कोणत्या गल्लीला वळले ते कळायचं. पन्नाशीला टेकलेल्या आमच्यापैकी निम्म्यांच्या पोटरीवर तिच्या सायलेन्सरचा चटका आहे. आम्ही त्याला राजदूतचा शिक्का म्हणतो. लहानपणी तो नसलेल्या पोराला जरा कमीच लेखलं जायचं. पुढे हिरो होंडाच्या चार स्ट्रोकच्या गाड्या आल्या. तात्यांनीही घेतली. तिला ना धूर, ना आवाज. पहिला महिनाभर तात्यांना चालू गाडी बंद पडल्यासारखीच वाटत होती. मधेच उतरून ते टाकीला कान लावायचे.

तात्यांचं सगळं मोठेपण मात्र एका गोष्टीत होतं: पाय न टेकण्यात. परंड्याच्या चौकात एसटी आडवी आली, की बाकीचे गाडीवाले दोन्ही पाय पसरून उभे राहायचे. तात्या मुंगीच्या पावलानं गाडी सरकवत, हँडल इकडंतिकडं हलवत, तोल धरून राहायचे. एसटी सरली की निघाले. "पाय टेकतो तो शिकाऊ," असं त्यांचं मत. आता, दोन चाकांची गाडी चालती असते तोवरच उभी असते, हा काही तात्यांचा शोध नव्हे. पण त्यांनी तो आयुष्याला लावला. त्यामुळे ते थांबायचेच नाहीत. नमस्कार हँडलवरचं एक बोट उचलून. निरोप पळता पळता, निम्मा तोंडासमोर आणि निम्मा वाऱ्यावर. थोरल्या मुलीच्या लग्नाचं आवतण आमच्या आळीला "तारखेला यायचं बरं का" एवढंच ऐकू आलं होतं. कोणत्या तारखेला, ते वाऱ्यानं नेलं.

मग गुडघे गेले. बार्शीच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघून वाट्या झिजल्याचं सांगितलं. तात्यांनी दोष राजदूतच्या किकला दिला, पण मायेनं. पोरानं बापाला मारलं तरी बाप पोराची ताकद सांगतो, तसा. डॉक्टर म्हणाले, मोटारसायकल बंद.

परंड्याच्या किल्ल्यावरची मलिक-ए-मैदान तोफ १६३२ मध्ये विजापूरला नेली, तेव्हा दहा हत्ती आणि चारशे बैल लागले असं सांगतात. तात्यांना मोटारसायकलवरून उतरवायला याहून जास्त ताकद लागली. डॉक्टर झाले, जावई झाले, देवळाचे पुजारी झाले. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टी ओलांडलेल्यांना साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. त्यातून गुडघ्याचा पट्टा आणि खाली तीन पाय फुटलेली काठी आली. तात्यांनी काठी घेतली आणि मोटारसायकलच्या हँडलला अडकवून ठेवली.

शेवटी चाकणच्या कंपनीत कामाला असलेल्या मुलानं परस्पर गिअर नसलेली, बटणावर चालू होणारी स्कूटर घेऊन पाठवली. चाकणहून चाकंच यायची, यात नवल नाही. परंड्याच्या गॅरेजमध्ये मिस्त्रीनं तिला दोन्ही बाजूंना चाकांची चौकट बसवली. अशी जोड परस्पर देता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आडवं येतं, आरटीओची मंजुरी आणि आरसी बुकात नोंद लागते. ते सगळे कागद तात्यांनी स्वतः धाराशिवला जाऊन केले. फॉर्म भरताना कारकुनानं वाहनाचा बदल विचारला. "दुचाकीचं..." एवढं म्हणून तात्या जे थांबले, ते मागच्या माणसानं खांद्याला हात लावेपर्यंत.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे पारावर हजर होतो. तात्या आले, ऐटीत थांबले आणि जन्माच्या सवयीनं डावा पाय खाली सोडला. गाडी अजून वीतभर सरकायची राहिली होती. बाजूचं चाक सावकाश, हिशेबानं, तात्यांच्या अंगठ्यावरून गेलं. आयुष्यभर जो पाय टेकण्याची लाज वाटली, तो टेकायची गरज संपली त्याच दिवशी सापडला. तात्या ओरडले नाहीत. फक्त उजवी मूठ पिळली गेली, आणि ही गाडी बंद नव्हती. ती अंगठा सोडून थेट हॉटेलच्या बाकड्याला भिडली.

दुसरा धडा वळणावर मिळाला. मोटारसायकल वळताना आतल्या अंगाला झुकते. माणूस नुसता कलला तरी ती ओळखते. ही गाडी झुकत नाही. तात्या भैरवनाथाच्या कमानीपाशी रुबाबात उजवीकडे कलले. गाडी ताठ मानेनं सरळ गेली आणि समोरच्या कडब्याच्या गंजीत तोंड खुपसून उभी राहिली. मग त्यांनी घाईनं हँडल ओढलं, तर आतलं चाक हवेत आणि तात्या बाहेरच्या अंगाला. मिस्त्री पळत आला.

"तात्या, अंग झुकवू नका. नुसतं हँडल वळवा. आणि वळायच्या आधी हळू घ्या."

"म्हंजी बैलगाडीच की रं ही!"

"बैलगाडी म्हणा."

"बैलाला निदान घर तरी ठाऊक असतंय."

तिसरी गोष्ट खड्ड्यांची. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आमच्या रस्त्यांची जी दशा करतात, त्यातून तात्या पूर्वी चाकाच्या रुंदीची एक नागमोडी वाट काढायचे. आता गाडीला एकदम तीन वाटा लागतात. मधलं चाक वाचवलं तर डावं जातं, डावं वाचवलं तर उजवं. "पूर्वी खड्डा चुकवायचो, आता निवडतो," असं ते म्हणाले, तेव्हा हॉटेलात कुणी हसलं नाही. जो तो आपापल्या घरचं आठवत होता.

सगळ्यात बेरकी निघाली ती माकडं. सोनारीची माकडं प्रसिद्धच आहेत. भैरवनाथाची म्हणून त्यांच्यावर कुणी काठी उगारत नाही आणि हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मोटारसायकल साईड स्टँडवर तिरकी असायची, त्यामुळे तिच्यावर एखादंच बसायचं. ही गाडी स्टँड न लावताही सरळ उभी. आता एक डाव्या चौकटीवर, एक उजव्या, एक सीटवर आणि एक आरशात बघत. चैत्राच्या यात्रेत तर एका पाहुण्यानं त्या गाडीसमोर नारळ ठेवला.

तात्यांचा हिरमोड बघून मी त्यांना इटलीची गोष्ट सांगितली. पियाजिओ कंपनीनं १९४६ मध्ये व्हेस्पा नावाची स्कूटर काढली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, तिलाच मागे दोन चाकं लावून मालाची गाडी केली. तिचं नाव आपे, म्हणजे मधमाशी. आपल्याकडे धावतात त्या आपे रिक्षा याच. आता बारामतीला बनतात. म्हणजे दोनाची तीन होणं हा काही आजार नाही, जगभरचा रिवाज आहे.

तात्या विचारात पडले. "म्हंजी डंख गेला आन् ओझं आलं."

"तात्या, मधमाशीपण चावते."

"चावते. पण एकदाच."

पुजाऱ्यांनी वेगळी समजूत काढली. म्हणाले, "भैरवनाथाचं वाहन काय? कुत्रं. चार पायांचं. देवानंही दोनांचा धोका घेतला नाही." यावर तात्यांनी हात जोडले, पण तोंड वाकडंच होतं.

आणि मग एक दिवस तात्यांना कळलं की ही गाडी थांबते. नुसती थांबते. तोल धरायचा नाही, पाय टेकायचा नाही, उतरायचं नाही. सरळ माणसासमोर उभी करायची, दोन्ही पाय फळीवर ठेवायचे आणि बोलायचं. ज्यांनी चाळीस वर्षं गावाला निम्मे निरोप दिले, त्यांचे उरलेले निम्मे आता एकदम बाहेर पडू लागले. गल्लीच्या तोंडाशी तात्या आडवे असतात. गाडी रुंद, गल्ली अरुंद. शेरडं, पाण्याचा टँकर आणि शाळेची पोरं मागे खोळंबलेली. कुणी दाराआड लपतं, कुणी मोबाईल कानाला लावून नसलेल्या माणसाशी बोलतं. मला त्यांनी गेल्या पंधरवड्यात भर रस्त्यात थांबवून तीस वर्षांपूर्वीच्या त्या लग्नाची तारीख सांगितली.

या सगळ्यात फायदा झाला तो काकूंचा. तात्यांच्या मागे बसायला त्यांनी फार वर्षांपूर्वी नकार दिला होता. एकाच लग्नाला तात्या मोटारसायकलवर आणि काकू एसटीनं जायच्या. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा तर तात्यांनी हा आपल्या संसाराचा दूरदर्शीपणा म्हणून सांगितला होता. आता काकू डाव्या अंगाला पाय सोडून, चौकटीवर पावलं टेकवून, मांडीवर पिशवी घेऊन बसतात. बुधवारी परंड्याला दवाखाना, येताना भाजी. तात्या बोलायला थांबले की त्या पाठीत पिशवी टोचतात. गाडीला असा ब्रेकच्या उलटा दांडा पहिल्यांदाच मिळाला.

परवा मी गॅरेजमध्ये होतो. वर्षभरानं गाडी तपासायला आली होती. मिस्त्रीनं खाली वाकून बाजूच्या चाकांवरून हात फिरवला.

"तात्या, तुम्ही म्हणता मी मधल्या चाकावरच चालवतो, बाजूची नुसती शोभेची. ही बघा, दोन्ही टायरं गुळगुळीत झालीत."

तात्यांना वाकता येत नाही. तीन पायांच्या काठीवर रेलून त्यांनी लांबूनच पाहिलं. मग बाकड्यावर शेंगा निवडत बसलेल्या काकूंकडं पाहिलं.

"डावं तिचं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "ती त्याच अंगाला बसती."

"आणि उजवं?"

तात्यांची मूठ आपोआप पिळली गेली.

"ती डावीकडं बसल्यावर मला उजवीकडं झुकावं लागतंय की," ते म्हणाले. "तोल नको व्हय?"