शाईचं पंचांग

उज्जैनकरांना वेळेबद्दल कुणी शिकवायला जाऊ नये. जुन्या ज्योतिषांची मध्यरेषा आमच्या गावावरून जाते, गावाचे मालक खुद्द महाकाल, भस्मारतीची रांग पहाटे चारच्याही आधी लागते. शिवाय २९ फेब्रुवारी २०२४ पासून वेधशाळेजवळ वैदिक घड्याळ उभं आहे, ते सूर्योदय ते सूर्योदय तीस मुहूर्त मोजतं. (उद्घाटनाला चार वर्षांतून एकदा उगवणारी तारीख कोणी काढली, ते मी विचारलेलं नाही.) एवढा काळ हाताशी असूनही इंकजेट प्रिंटरचं कार्ट्रिज नक्की कधी बदलायचं, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या फ्रीगंज बाजारात मिळत नाही.

‘अहो मामा, प्रिंटर स्वतःच सांगतो की!’ असं पुण्याची भाचेमंडळी फोनवर म्हणतात. सांगतो ना, तिथंच तर गोची आहे. कार्ट्रिजच्या पोटात त्याने कधी डोकावलेलं नसतं. बहुतेक प्रिंटर उडवलेले थेंब मोजतात, साफसफाईत गेलेली शाई अंदाजाने वजा करतात आणि त्या हिशेबावर ‘शाई संपत आली’ असा पुकारा करतात. निव्वळ गणिताचं पंचांग! आकाशात ग्रह कुठंही असो, आमच्या सारणीत तो कन्येत म्हणजे कन्येतच.

या दुखण्यावर उज्जैनात अठराव्या शतकातच इलाज झाला होता. सारणीतले ग्रह आणि आकाशातले ग्रह जुळेनात, तेव्हा जयपूरच्या सवाई जयसिंगाने चुन्याविटांची यंत्रं बांधली. आधी बघा, मग बोला. पुढे ती मोडकळीला आली, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये दुरुस्त करवली, गोविंद सदाशिव आपटे वेधशाळेचे अधीक्षक झाले. तिकडे महाराष्ट्रात दृक्प्रत्ययावरून, म्हणजे गणित आकाशाशी जुळतं का यावरून, टिळक पंचांगवाले आणि जुने पंचांगवाले यांनी प्रसंगी सणसुद्धा वेगवेगळे केले. कार्ट्रिजच्या कारखान्यापर्यंत हा वाद अजून पोचायचाय.

काही कंपन्यांचे मुहूर्त मात्र अचूक असतात. १३ सप्टेंबर २०१६ ला एचपीच्या कित्येक प्रिंटरांनी परक्या कंपन्यांची कार्ट्रिजं एकाएकी नाकारली. अनंत चतुर्दशी १५ तारखेला होती. यांनी विसर्जन दोन दिवस आधीच उरकलं.

तर मग बघायचं कुठं? कागदावर. अक्षरांतून आडव्या पांढऱ्या रेघा जाऊ लागल्या, काळं करडं झालं, फोटोतला जावई हिरवट दिसू लागला, की शाईचा संशय घ्यावा. नुसता संशय. कारण मे महिन्यात माळव्याचं ऊन चाळिशी ओलांडतं आणि महिनाभर न वापरलेल्या प्रिंटरचं तोंड सुकतं, तेव्हाही रेघा अगदी अशाच येतात. मग माणूस हेड क्लीनिंग करतो. पुन्हा करतो. हेड साफ होतं, कार्ट्रिजही साफ होतं. ती शाई प्रिंटरच्याच पोटात एका स्पंजात जाते, आणि त्या स्पंजाचाही हिशेब ठेवलेला असतो. तो भरला, असं गणित निघालं की काही प्रिंटर कामच थांबवतात. नवी कार्ट्रिजं आत बसलेली असली तरी.

गल्लीतला रीफिलवाला असल्या गणितात पडत नाही. तो कार्ट्रिज तळहातावर तोलतो, खालची तांब्याची पट्टी पुसतो, ओलसर टिश्यूवर हेड टेकवून क्षणभर दाबतो. कागदावर निळा, गुलाबी, पिवळा असे तीन ओघळ उमटायला हवेत. एक कमी उमटला, की मान वर न करता निकाल: ‘भिया, गुलाबी गया, पीला तो टनाटन है.’ एवढ्यावर तो सिरिंज उचलतो. जयसिंगाने याला नक्कीच नोकरीवर ठेवलं असतं.

त्याने सांगितलेली एक गोष्ट मात्र कंपनीच्या बाजूची आहे, तीही सांगून टाकतो. हेड कार्ट्रिजवरच बसवलेलं असेल, तर पुकाऱ्याकडे दुर्लक्ष करून रेघा येईस्तोवर बिनधास्त छापावं. बिघडलंच तर कार्ट्रिजच बिघडेल. हेड मशीनमध्ये असेल, तर शेवटच्या थेंबाचा हावरटपणा नको. आत हवा शिरली की कार्ट्रिजच्या पैशांवर भागत नाही. आणि आठवड्यातून एखादं रंगीत पान काढत राहावं, म्हणजे तोंड सुकत नाही. (आमच्याकडे हे काम वीजबिलावर भागतं. रंगीत छापलं म्हणून रक्कम कमी होत नाही.)

हे सगळं न पाळणारे एक गुरुजी आमच्या ओळखीचे आहेत. पत्रिका रंगीत छापून देतात: गुरू पिवळा, शनी निळा, मंगळ लाल. ऐन लग्नसराईत त्यांच्या प्रिंटरने काळी संपल्याचा ठणाणा केला, त्यांनी इमानाने काळं कार्ट्रिज बदललं, आणि संपलं होतं गुलाबी. त्याविना लाल कुठून येणार? बरं, गाव उज्जैन. मंगळाचं जन्मस्थान इथलं, मंगळनाथाला भातपूजा करून दोष घालवायला देशभरातून लोक येतात. मुलाकडच्यांनी पत्रिका उलटसुलट पाहिली, लाल काही दिसेना, आणि हरखून विचारलं, ‘म्हणजे मुलीला मंगळ नाही?’

गुरुजींनी क्षणभर प्रिंटरकडे पाहिलं. म्हणाले, ‘सध्या नाही. बाजार उघडला की येईल.’