हरकतदार

आप्पांना तुम्ही ओळखता. तुमच्या गावात त्यांना तात्या म्हणत असतील, भाऊ म्हणत असतील, किंवा नुसतंच 'ते निवेदनवाले'. सांगलीत आहेत, लातुरात आहेत, रत्नागिरीत तर आळीगणिक एक असावेत. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत फायली, खिशाला पेन. हे पेन सहीसाठी आपल्या हातात देताना टोपण मात्र स्वतःच्या मुठीत ठेवायचं, म्हणजे पेन परत येतं. रविवारी दुपारी जेवून जरा आडवं व्हावं, तेवढ्यात दारातून आवाज येतो, "झोपला नव्हतास ना? एक सही हवी होती."

या खेपेची सही बायपासवरच्या मोठ्या दुकानाविरुद्ध होती. दुकान येऊन झाली चार-पाच वर्षं. आता त्यांना मागची जमीन घेऊन दुप्पट व्हायचंय. ती जमीन विकास आराखड्यात रहिवासी वापराची, तिची वाणिज्य करायची. त्यासाठी 1966 च्या नगररचना कायद्याच्या 37 कलमाखाली हरकती मागवल्याची नोटीस निघाली होती, आणि ती छापून आली होती अशा दैनिकात, जे आमच्या जिल्ह्यात बहुधा एकटे आप्पा वाचतात. मुदत एक महिन्याची. आप्पांची हरकत दुसऱ्याच दिवशी नगरपरिषदेत दाखल. सोबत दुय्यम प्रत, आणि त्या प्रतीवर पोच.

ही पोच म्हणजे आप्पांचा प्राण. पाटबंधारे खात्यात आवक-जावकच्या टेबलावर बसून त्यांनी उभा जन्म लोकांच्या अर्जांवर शिक्के मारले. "पोच न घेतलेला कागद कुठे जातो ते मला विचार," असं म्हणून ते टेबलाखालच्या टोपलीकडे बोट दाखवतात. समोर टेबलही नसलं तरी. निवृत्त झाल्यावर ते टेबलाच्या अलीकडे आले आणि त्यांनी साऱ्या जगाकडून पोच वसूल करायला सुरुवात केली. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला निघाले तेव्हा काखेत वही होती: नाव, पत्रिका मिळाली, सही, दिनांक. आमच्या हिची सही झाल्यावर तिच्याकडून 'सहकुटुंब मिळाली' असंही लिहून घेतलं. आम्ही दिलेल्या दिवाळीच्या फराळाचा डबा परत आला तो चिठ्ठीसह, 'डबा रिकामा, झाकण जोडले आहे, कृपया पोच द्यावी'. सोसायटीच्या चेअरमननी पाण्याच्या तक्रारीची पोच द्यायला नकार दिला, तेव्हा आप्पांनी तक्रार त्यांच्या दारावर डकवली आणि दोन पंचांसमक्ष पंचनामा केला. एक पंच मी, दुसरा इस्त्रीवाला. चेअरमन आत दाराच्या काचेला डोळा लावून उभे होते, याचीही पंचनाम्यात नोंद आहे.

2012 साली दिल्लीने बहुब्रँड किरकोळ व्यापारात 51 टक्के परकी भांडवलाला परवानगी दिली. ही दुकानं मुख्यतः दहा लाखांच्या वर वस्तीच्या शहरांत निघायची होती. आमचं गाव त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तरी आप्पांनी पंतप्रधान कार्यालयाला निवेदन धाडलं आणि 'प्रत माहितीस्तव' म्हणून एक वॉलमार्टच्या मुख्यालयाला, बेंटनव्हिल, आर्कान्सा या पत्त्यावर. अमेरिकेहून पोच आली नाही. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात वॉलमार्टची आणि भारतीची भागीदारी मोडली, आणि त्यांची किरकोळीची दुकानं इथे निघालीच नाहीत. पेपरांनी त्याची नाना कारणं दिली. आप्पा एकच देतात. "पोच द्यायची हिंमत झाली नाही त्यांची."

परका वाघ अडवला आणि देशी बोका मागच्या दाराने शिरला, अशी त्यांची आता तक्रार आहे.

खरं तर ही लढाई व्यापाऱ्यांची. त्यांचं दुखणंही खोटं नाही. कंपनीकडून ट्रकच्या ट्रक उचलणाऱ्याला जो भाव मिळतो, तो एजन्सीवाल्याकडून दोन खोकी घेणाऱ्याला कुठून मिळणार? तेलाची पिशवी पेठेतल्या वाण्याला पडते त्यापेक्षा कधीकधी त्या दुकानात स्वस्त विकली जाते. म्हणून व्यापारी संघाने एक दिवस कडकडीत बंद पुकारला. दुकानं बंद, हाताला काम नाही, तेव्हा पेठेतली काही मंडळी बायपासवर गेली आणि ऑफरमधलं तेल भरून घेऊन आली. 'एका ग्राहकास फक्त चार नग' अशी पाटी होती. त्यामुळे बायको, पोरं आणि दुकानातला गडी यांना वेगवेगळ्या काउंटरच्या रांगांत उभं करावं लागलं. दुसऱ्या दिवशी तेच तेल पेठेत छापील किमतीला. मोर्चात फलक धरून सर्वांत पुढे चालणारे संघाचे अध्यक्ष पुढच्या बैठकीला आलेच नाहीत. दुकानाला हवी असलेली मागची जमीन त्यांच्या मेव्हण्याची निघाली.

राहिले आप्पा. त्यांचं दुकान नाही, गाळा नाही, कुणाकडे येणं नाही. त्यांच्या सूनबाई महिन्याचं सामान तिथूनच आणतात हे गावाला ठाऊक आहे, आप्पांनाही आहे, आणि त्यांना त्यात काही अडचण दिसत नाही. "सामान आणणं हा तिचा हक्क, हरकत घेणं हा माझा."

एकदा सूनबाईंना ताप होता म्हणून सामानाला आप्पाच गेले. निघताना दारातल्या रखवालदाराने बिल मागितलं, ट्रॉलीवरून नजर फिरवली आणि बिलावर खाडकन शिक्का उमटवला. आप्पा जागच्या जागी थबकले. मागे रांग तुंबली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, शिक्का वाचला. "तारीख आहे. आवक क्रमांक कुठाय?"

"काका, पुढे सरका."

त्या संध्याकाळी आप्पा जरा हलल्यासारखे दिसले. "आपली नगरपरिषद एका शिक्क्यासाठी अर्धा तास बसवते रे," ते म्हणाले, "आणि हे लोक न मागता..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते बिल फायलीत लावलेलं आहे. परिशिष्ट ड.

सुनावणीच्या दिवशी, सह्या केलेल्या चारशेच्या वर लोकांपैकी हजर होते आप्पा, आणि मी. मीसुद्धा गेलो तो त्यांनी माझ्याकडून 'व्यक्तिशः उपस्थित राहीन' अशी वेगळी सही घेऊन ठेवली होती म्हणून. दुकानाकडून एक वकील, एक आर्किटेक्ट आणि लॅपटॉपवाली दोन पोरं. पुकारा होईपर्यंत आप्पा व्हरांड्यातल्या बाकावर बसून जिन्याकडे बघत होते. कुणी वर आलं की ताठ व्हायचे. तो दाखल्याला आलेला असायचा. "गर्दी होईल म्हणून जादा खुर्च्या टाकायला सांगितल्या होत्या," ते हळूच म्हणाले. खुर्च्या खरंच टाकल्या होत्या. त्या मागणीची पोचही त्यांच्याजवळ होती. मी काय बोलणार?

आत रहदारी झाली, पार्किंग झालं, नाला झाला, पेठ झाली. प्रत्येक मुद्द्यावर साहेब मान हलवून 'नोंद घेतली' म्हणायचे. शेवटचं पान मीही आधी पाहिलं नव्हतं. त्यात दुकानाविरुद्ध काहीच नव्हतं. विस्तारानंतर दुकान रात्री अकरापर्यंत चालणार. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवायची सोय करावी लागते. काउंटरवरच्या बऱ्याच मुली आसपासच्या वाड्यांवरच्या, आणि शेवटची एसटी त्याच्या आधीच सुटते. आप्पांनी तक्ता केला होता. कोणती वाडी, फाट्यापासून घर किती लांब, वाटेत दिवा आहे की नाही, असल्यास चालू की बंद. सत्तरी ओलांडलेला हा माणूस गुडघ्याला पट्टा बांधून वाड्यावाड्यांतले विजेचे खांब बघत हिंडला होता आणि आम्हाला बोलला नव्हता. एरवी घसा खाजवला तरी कळवतो.

वकील म्हणाले, हा मुद्दा या सुनावणीच्या कक्षेत बसत नाही. खरंच बसत नव्हता. साहेबही तेच म्हणाले, पण ते पान त्यांनी परत एकदा वाचलं आणि मग लॅपटॉपवाल्या पोरांकडे बघून विचारलं, "गाडीचं काय करताय?"

जमिनीचा वापर बदलला, दुकान दुप्पट झालं. रात्री तिथून आता मुलींना सोडायला एक गाडी निघते. आप्पांच्या हिशेबी ते हरले, आणि गाडीचा विषय काढला की म्हणतात, "तो कायदाच आहे, त्यात मी काय केलं?" असल्या माणसावर चिडायचं म्हटलं तर धड चिडताही येत नाही. दुकानातल्या पोरी त्यांना बघून काउंटरवरून 'आप्पा, इकडे या' म्हणून हाक मारतात, तेव्हा ते लांबच्या रांगेत जाऊन उभे राहतात. हरकतदाराने सवलत घेऊ नये.

मध्यंतरी जुन्या तेलाच्या घाणीच्या जागेत एक गोदाम निघालं. मोबाइलवर बोट लावा, दहा मिनिटांत सामान दारात. परवा मी आणि आप्पा बायपासवर उभे असताना त्या मोठ्या दुकानाचा मॅनेजर स्वतः बाहेर आला. आप्पांना बाजूला घेऊन, आवाज उतरवून म्हणाला, "आप्पा, हे दहा मिनिटांवाले सगळा धंदा खाणार. आपल्या गावातल्या दुकानांनी जायचं कुठे? तुम्हीच काहीतरी करा."

आप्पांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. पिशवीत हात घालून कोरे कागद काढले, पेन दिलं, टोपण मुठीत धरलं.

"तोंडी नको. दोन प्रतींत लिहून द्या. एकीवर मी पोच देतो."