उरलेल्या दिवसांचं काय करायचं?

सकाळी आरे कॉलनीत फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींना दोनच गोष्टी सुधारायच्या असतात, गुडघे आणि देश. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी गुडघे दैवावर सोपवून थेट दिनदर्शिकेला हात घातला आहे. महिने सारखे करा, हा त्यांचा एककलमी कार्यक्रम. 28 दिवसांना पुरणारी पेन्शन 31 दिवस पुरवायला लावणं ही त्यांच्या मते दिवसाढवळ्या लूट आहे. तेव्हा बारा महिने, प्रत्येकी दिवस 30. "मग उरलेल्या पाच दिवसांचं काय?" असं विचारलं की काका चालण्याचा वेग वाढवतात आणि पिकनिक पॉइंटपर्यंत मागे वळून बघत नाहीत.

त्यांना पहिला पाठिंबा मिळाला तो तबेल्यातून. गाय नऊ महिने नऊ दिवसांनी विते आणि म्हैस दहा महिने दहा दिवसांनी, हा गोठ्यातला जुना हिशेब. तो 30 दिवसांचा महिना धरला तरच जुळतो; म्हशीचे झाले 310 दिवस. जानेवारी-फेब्रुवारीच्या भाषेत मोजायला जाल तर प्रत्येक म्हैस तीन ते सहा दिवस आधीच व्याली असं निघेल. काका खूश झाले. मला मात्र वाटतं, म्हशीला वर्ष पुरं करायचं नसतं म्हणून तिचं गणित सुटतं. तिला ना गुढी उभारायची, ना इन्कम टॅक्स भरायचा.

वर्ष पुरं करणाऱ्यांचे हाल आरेच्याच संस्थापकांच्या समाजाला विचारावेत. मुंबईतले तबेले हलवून म्हशींना गोरेगावच्या डोंगरात बिऱ्हाड करून द्यायचं, ही दारा खुरोडी यांची 1949 सालची करामत. पुढे 1963 साली त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खुरोडी पारशी, आणि काकांना हवी तशी दिनदर्शिका पारशांकडे शतकानुशतकं आहे! बारा महिने तीस-तीस दिवसांचे, आणि वर्षाच्या शेवटी पाच गाथांचे दिवस, प्रार्थनेचे आणि पितरांच्या आठवणीचे. उरलेले दिवस पितरांच्या नावावर टाकण्यात केवढी मुत्सद्देगिरी आहे पाहा. तक्रार घेऊन येणार कोण?

पण पाच दिवसांमागे एक पाव दिवसही उरतो, आणि तो कोणाच्याच नावावर नाही. चार वर्षांत एक दिवस, असं करत करत वसंतातलं नवं वर्ष घसरत ऑगस्टच्या पावसात येऊन पोचलं. त्यावर उपाय म्हणून 1906 साली मुंबईत फसली पंथ निघाला, त्याने नवरोज पुन्हा 21 मार्चला नेऊन बसवला. शहनशाही ऑगस्टातच राहिले आणि कदमी जुलैत. एक समाज, नवी वर्षं तीन. काकांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग सुट्ट्या वाढतील."

अमेरिकेत कोडॅक कंपनीने 1928 पासून 1989 पर्यंत आपला कारभार 28 दिवसांच्या तेरा महिन्यांवर चालवला. लोक दुष्काळातल्या तेराव्या महिन्याला घाबरतात, यांनी सुकाळात तो आपणहून घरी आणला. तरी एक दिवस उरलाच. तेरा महिन्यांच्या मूळ योजनेत तो कुठल्याच महिन्यात नाही आणि कुठल्याच वारात नाही. असाच बिनवाराचा दिवस असलेली जागतिक दिनदर्शिका भारताने 1950च्या दशकात संयुक्त राष्ट्रांपुढे नेली होती. पण वारांची साखळी तुटली तर शब्बाथचं आणि रविवारच्या प्रार्थनेचं काय, यावरून धर्मवाल्यांनी रान उठवलं आणि 1956 साली प्रस्ताव बासनात गेला. आपल्याकडे ठराव झाला असता तर त्या दिवशी उपास कुठला करायचा यावरून महाराष्ट्रात दोन तट पडले असते, हे मी छातीठोकपणे सांगतो.

खरं म्हणजे आपल्या पंचांगाने हा प्रश्न केव्हाच निकालात काढलाय. प्रत्येक चांद्रमासात तिथी बरोबर तीस. महिन्याला धक्का न लावता पंचांगकर्त्यांनी तिथीच कमी-जास्त केली, कधी एकोणीस-वीस तासांची तर कधी सव्वीस तासांची. एखाद्या तिथीचा क्षय होतो, एखादी दोन सूर्योदय बघते. एवढं करूनही वर्षाला अकराएक दिवस उरतातच. ते साठवून अडीच-पावणेतीन वर्षांनी त्यांचा अधिक महिना करायचा आणि जावयाला 33 अनारसे द्यायचे. उरलेल्या दिवसांची इतकी खुसखुशीत सोय जगात दुसऱ्या कोणी केलेली नाही.

सरकारने मात्र अनारशांऐवजी समिती नेमली. 1952 साली, मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली. त्यात नागपूरचे के. ल. दप्तरी आणि 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर ही आपली माणसंही होती. देशात तीसेक पंचांगं, प्रत्येकाचा सण निराळा. समितीने महिने सारखे करण्याचा हट्ट धरला नाही. वैशाख ते भाद्रपद 31 दिवसांचे, बाकीचे 30चे. चैत्राला लीप वर्षी एक दिवस जादा. वैशाख ते भाद्रपद मोठे, कारण जुलैच्या आसपास पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते आणि हळू चालते. त्याच दिवसांत आरेच्या रस्त्यावर रिक्षाही खड्डे मोजत जाते, त्यामुळे हे शास्त्र आम्हा गोरेगावकरांना चटकन पटतं.

ही राष्ट्रीय दिनदर्शिका 22 मार्च 1957 रोजी, म्हणजे 1 चैत्र शके 1879 ला, लागू झाली आणि राजपत्राच्या माथ्यावर जाऊन बसली. 'कालनिर्णय'च्या पानावरही ती बारीक अक्षरांत असते. काकांना ती तिथेच सापडली. महिने सारखे नसले तरी निदान दोनच मापांचे आहेत, एवढ्यावर त्यांनी तडजोड केली आणि गेल्या ऑगस्टात सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक लिहिला. तारीख, 6 भाद्रपद 1947.

खजिनदारांनी चेक उजेडात धरून पाहिला. "काका, हा तर स्वातंत्र्याच्या वर्षाचा चेक."

काकांनी खिशातून रिझर्व्ह बँकेच्या सूचनेची प्रत काढली. राष्ट्रीय दिनदर्शिकेप्रमाणे हिंदीत तारीख घातलेला चेक बँकांनी स्वीकारायचा असतो. खजिनदारांनी ती शेवटपर्यंत वाचली, चष्मा पुसला, थकबाकीची वही उघडली.

"मान्य. मग 21 टक्क्यांनी व्याज 1947 पासून लावतो."