फ्लॅट की टेनामेंट?

बडोद्याच्या तरसालीत लग्न जुळवताना पत्रिका नंतर निघते. आधी प्रश्न येतो, "फ्लॅट की टेनामेंट?" टेनामेंट म्हटलं की मुलीच्या वडिलांचा चेहरा खुलतो. स्वतःचं फाटक, ओट्यावर झोपाळा, तुळस आणि ॲक्टिव्हा शेजारी शेजारी मावतील एवढी 'मार्जिन', आणि डोक्यावर चालणारं दुसरं कुणी नाही. फ्लॅटवाला म्हणजे अजून जमवाजमव चाललेला माणूस.

हाच शब्द मुंबईत उच्चारून बघा. दांडिया बाजारातल्या वाड्यातला हिस्सा विकून सुसेन-तरसाली रिंग रोडला टेनामेंट घेतलं, असं भाच्यानं दादरच्या आत्याला हौसेनं कळवलं, तर आत्या आधी गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "असू दे रे. दिवस काय, येतात नि जातात." आत्यांचा काय दोष? मुंबईत टेनामेंट म्हणजे म्हाडाचा गाळा, नाहीतर बीडीडी चाळीतली 160 चौरस फुटांची खोली आणि सकाळी डबा घेऊन रांग. विरारपर्यंत गरीब असलेला हा शब्द वलसाड ओलांडता ओलांडता कधीतरी श्रीमंत होतो.

इंग्रजी कोश अर्थात आत्यांच्या बाजूचा. न्यूयॉर्कच्या 1867च्या कायद्यात टेनामेंट कशाला म्हणायचं, तर एका छपराखाली तीनाहून जास्त बिऱ्हाडं आणि प्रत्येकाची चूल वेगळी. तिथल्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांवर जेकब रीस या पत्रकारानं 1890 साली पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं. तरसालीत त्याच शब्दावर बिल्डर गुळगुळीत माहितीपत्रक छापतो, तेही गाजतं.

शब्दांची हौस बडोद्याला जुनीच. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करवून घेतला, 1931 साली तो 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' या नावानं छापून निघाला. कल्पतरूच्या सावलीत वाढलेली आमची मराठी मंडळी आज फाटकावर 'गुरुकृपा' लिहितात आणि खाली पत्ता देतात, टेनामेंट नंबर अमुक.

शब्दाचं मूळ लॅटिन, 'तेनेरे', म्हणजे धरून ठेवणं. जुन्या इंग्रजी कायद्यात टेनामेंट म्हणजे वरच्या सरदाराकडून धरलेली जमीन-जागा. टेनंट म्हणजे भाडेकरू, तो याच घराण्यातला. तरसालीत सरदार नाहीत, पण बँक आहे. वीस वर्षांचे हप्ते फिटेपर्यंत मूळ कागद तिच्या तिजोरीत, आणि वास्तुशांतीचे पेढे मात्र आपल्या खर्चानं. एवढा शुद्ध लॅटिन अर्थ आता लंडनमध्येही मिळायचा नाही.

टेनामेंटवर मजला चढला की त्याचं 'ड्युप्लेक्स' होतं आणि भाव दुप्पट सांगायला दलाल मोकळा. अमेरिकेत ड्युप्लेक्स म्हणजे दोन बिऱ्हाडांचं घर. इथे मजले दोन, बिऱ्हाड एकच. वर थोरला, खाली धाकटा अशी सोय करून बघा, पुढच्या दिवाळीच्या आत एक जण त्याच सोसायटीत दुसरं टेनामेंट शोधत असतो. कॉर्नरचं असेल तर बरं, म्हणतो.