शेजाऱ्याला विचारा

शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातील मास्सिमो दि पिएरो या प्राध्यापकमहाशयांनी २००७ साली 'वेबटूपाय' नामक चौकट पायथन भाषेत रचली, तेव्हा तिची शहानिशा एके दिवशी देगलूरात आमचे काका करतील, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसावे. काका तहसिलीतले निवृत्त अव्वल कारकून. त्यांचे वडील निजामी अमलात पटवारी. त्यामुळे उर्दू दप्तराचा दरारा घरातून अद्याप गेलेला नाही.

गल्लीतल्या वाचनालयाची वही संगणकावर चढविण्याचे काम मी पत्करले. त्या वहीत एकच गृहस्थ एका पानावर नुसत्या नावाने, दुसऱ्यावर 'सावकार' म्हणून आणि तिसऱ्यावर, लिहिणाऱ्याच्या नात्याने, 'व्याही' म्हणून अवतरले होते! म्हणून सभासदांचा तक्ता आधी मांडून देवघेवीच्या तक्त्यात प्रत्येकाचा केवळ क्रमांक ठेवावयाचा, हे संदर्भ-रकान्याचे तत्त्व मी सविस्तर विशद केले.

"म्हणजे सातबाऱ्यावरचा गट नंबर की रे," काका म्हणाले, आणि माझे व्याख्यान तेथेच संपले.

दूरध्वनीच्या रकान्यावर मी पडताळणीचा पहारा बसविला : दहा अंक असतील तरच नोंद रुजू. परंतु हा पहारेकरी फक्त फॉर्मच्या देवडीवर उभा असतो. 'इन्सर्ट'च्या आज्ञेने परसदारातून आत शिरणाऱ्यास तो हटकीत नाही. जुनी वही मी त्याच वाटेने आत लोटल्यामुळे सावकारांच्या दूरध्वनीच्या जागी 'शेजाऱ्याला विचारा' हा मजकूर सन्मानाने विराजमान झाला. लाजून मी तो खोडला.

पुढे सावकार गाव सोडून हैदराबादला गेले, म्हणून मी त्यांचे नाव काढले. आता या चौकटीत संदर्भ-रकान्यापुढे वेगळे काही लिहिले नाही, तर मूळ नोंदीबरोबर तिच्यावर विसंबलेल्या सगळ्या नोंदी आपोआप सती जातात, आणि मी काहीच लिहिले नव्हते. त्यांच्याकडील पाच पुस्तकांची बाकी क्षणार्धात नाहीशी झाली.

"माणूस गाव सोडून गेला म्हणून बाकी बी माफ? ही कुठल्या सरकारची रीत म्हणायची?"

काकांनी मुकाट्याने जुनी वही काढली, चष्मा पुसला, दूरध्वनीच्या रकान्यावर बोट ठेवले आणि वहाणा चढवून बाहेर पडले. अर्ध्या तासाने ते परतले तेव्हा काखेत फडक्यात बांधलेली चार पुस्तके होती. पाचवे, म्हणे, शेजारी अजून वाचीत आहे.